वहीतल्या फुल्या

१० जानेवारी ८८, रविवार

सकाळच्या बसनं सौंसरला, लेकीकडे, पुष्पाकडे. ती घरीच होती, ती शिकवते त्या शाळेला सुटी. जवाईनं नागपूरहून जुना संगणक आणला आहे. पाटीएवढा, वर खोडरबरासारखी बटणं. त्यांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ठेवला नाही, घरीच मांडला. टीव्हीला एक वायर, टेपला एक.

टेपमध्ये कॅसेट घातली तर नुसती किरकिर. कान झाकून घेतले. पुष्पा हसली. "आई, हे गाणं नाही. टेप त्याले सांगून राहिली काय करायचं ते."

चार-पाच मिनिटं ती किरकिर. मग टीव्हीवर आकडे आले आणि यंत्रातून एक चाल वाजली. एका वेळी एकच सूर, डब्यात मच्छर अडकल्यासारखा. पण चाल होती, ओळखू आली.

जवाई सांगत बसले. सा म्हणजे शून्य. रे दोन. ग चार. म पाच.

म्हटलं, म सहा का नाही?

"ग आणि म शेजारी असतात न आई. पेटीवर मधात काळी नाही."

हे मला माहीत होतं. तेवीस वर्षं ह्यांची पेटी समोर पाहिली. नुसती पाहिली.

बसमध्ये परत येताना वहीचा विचार.

१२ जाने.

वाचनालयातून आल्यावर ट्रंक उघडली. ह्यांची वही तळाशी. आडवी, खाकी पुठ्ठ्याची, संत्र्याच्या पेट्या मोजायला मिळालेली. हे ज्या बागवानाकडे पेट्या ठोकायचे त्यानं दिली होती. मागच्या पानांपासून गाणी. ह्यांच्या गायन पार्टीची सगळी. शब्द, आणि शब्दांखाली सारेगम.

"ऊठ गं पोरी, शाळेची घंटा झाली" हे त्यात आहे. चार ओळी, चाल ह्यांचीच. पुष्पा पाचवीत गेली त्या साली बांधलं. मग दर चौदा एप्रिलला, जयंतीला.

ह्यांचा आवाज कुठं टेप केलेला नाही. एकदा कोणी केला होता, त्यात लाऊडस्पीकरची शिट्टीच ऐकू येते. हे जाऊन तीन वर्षं झाली. पहिली ओळ मला येते. दुसरी म्हणायला गेले की दुसऱ्याच गाण्यात जाते. आधी असं नव्हतं. दिवाळीपासून सुरू झालं. आता पहिलीची पण भीती वाटते, म्हणून म्हणत नाही.

वहीत तर लिहिलेलं आहे. आकडे करायचे आहेत फक्त.

१७ जाने., रवि.

सौंसर. वही पिशवीत.

मी सारेगम वाचायची, पुष्पा आकडे सांगायची, जवाई टाकायचे. सुराचा आकडा, मग तो किती मात्रा धरायचा तो आकडा. तीन ओळी झाल्या आणि लाईट गेली. सगळं पुसलं गेलं. जवाई म्हणाले, "चूक माझी. दर ओळीले टेपवर चढवाले पाहिजे होतं."

लाईट जेवणानंतर आली. पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळेला बटणं मी दाबली. ते दोघं जेवणानं सुस्तावले होते आणि मला अक्षर शोधायची सवय आहे. वाचायला शिकले तीही अशीच, वाचनालयात पेपर दांडीला लावता लावता, एक एक अक्षर हुडकून.

प्रत्येक ओळीच्या शेवटी वहीत लहान फुली आहे. चार ओळी, चार फुल्या. जवाईनं विचारलं, "हे काय असेल आई?"

म्हटलं, दम घ्यायची जागा.

"किती मात्रा?"

म्हटलं, आठ टाका. तेवढीच जागा राहते.

वाजवलं तर सूर ह्यांचा वाटेना. जवाई ह्यांना मामा म्हणतात; म्हणाले, मामा कोणत्या सुरात गायचे? ते मला पाठ आहे. सुरू करण्याआधी दर वेळी मोठ्यानं सांगायचे, काळी दोन. म्हणून सगळ्यांत तीन मिळवले. त्यासाठी एक वेगळी जागा आहे, एकदा टाकलं की सगळीकडे होतं.

मग वाजलं.

दुसरी ओळ मी समजत होते तशी नाहीच. शेवटच्या शब्दावर खाली उतरते. मी वर नेत होते.

सात वेळा ऐकलं. पुष्पा स्वयंपाकघरात गेली होती, बराच वेळ बाहेर आली नाही.

२४ जाने., रवि.

ज्या कॅसेटवरून हे सगळं चालतं ती नागपूरच्या मोहोड नावाच्या गृहस्थांची. नोकरी करून घरी असले उद्योग करतात. चाली बसवायचं हे यंत्रातलं अवजार त्यांनीच रचलं, नाव 'सूरमाळ'. रिकामी कॅसेट आणि तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, सूरमाळ भरून परत येते. सोबत दोन चाली. पण नियम असा की दोन घेतल्या तर एक आपली द्यायची. अमरावती, जबलपूर, इटारसी, असे कुठले कुठले लोक आहेत. कोणी कोणाला पाहिलेलं नाही.

जवाई म्हणाले, "आपण दोन घेतल्या, एक द्या लागते. मामाची देऊ?"

मी हो म्हणायला वेळ लावला नाही. वहीतलं गाणं ट्रंकेत राहिलं असतं, आणि मी गेल्यावर रद्दीत.

पाठवण्याआधी यंत्र विचारतं, चाल कोणाची. इंग्रजीत टाकावं लागतं. इतक्या वर्षांत ह्यांचं नाव मी उखाण्यात सोडून कधी घेतलं नाही. सहा अक्षरं. डी कुठं आहे ते शोधत बसले. पुष्पा म्हणाली, मी टाकू का? म्हटलं, नको.

कॅसेट पोष्टात टाकली.

३ फेब्रु.

वाचनालयात नवीन कपाट आलं. जुन्या पुस्तकांना कसर. दिवसभर उन्हात पुस्तकं उलटीपालटी केली. हात खाजतात.

१४ फेब्रु., रवि.

मोहोडांचं पत्र. अक्षर बारीक, मराठी चांगलं. लिहितात, चाल आवडली, मधले आठ मात्रांचे थांबे अगदी वेगळे आहेत, असे कोणी टाकत नाही. सगळ्यांच्या निवडक चालींची एक कॅसेट करणार आहेत. ती प्रत्येकाकडे जाईल आणि पुढं जो तो आपल्या माणसांना करून देईल. त्यात ही घेतली आहे. काही सुधारायचं असेल तर मार्चअखेर कळवा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी भरायला घेतील, नंतर बदल होणार नाही.

सोबत सूरमाळेची नवी आवृत्ती. आता एका वेळी दोन आवाज निघतात. जवाई खूष. मला डोकेदुखी, लवकर परत आले.

थांबे आवडले म्हणतात. बरं वाटलं. मीच टाकलेले.

६ मार्च, रवि.

जबलपूरहून कॅसेट. तिवारी म्हणून फोटोग्राफर आहेत. पत्र हिंदीत. त्यांनी मोहोडांकडून आलेली ह्यांची चाल नव्या दोन आवाजांत बसवली आहे. लिहितात, इतनी खाली जगह देखकर मन नहीं माना, थोड़ा भर दिया है, बुरा न मानें.

ऐकलं. प्रत्येक ओळीनंतर बारीक घुंगरू पळाल्यासारखे सूर. फार गोड. पुष्पाला आवडलं, जवाईला तर फारच. मलाही आवडलं, खोटं कशाला लिहू.

जवाई म्हणाले, "मोहोडसाहेबाले कळवू का, हेच घ्या म्हणून?"

म्हटलं, थांबा.

का थांबा म्हटलं ते मलाच कळलं नाही.

७ मार्च

आज सकाळी वाचनालयात झाडताना कळलं. पोरं बाहेर ओसरीवर बसली होती, एकानं काही म्हटलं की बाकीचे सगळे तेच ओरडायचे. मी झाडू धरून उभी राहिले.

हे दम घ्यायला कधी थांबायचे नाहीत. ओळ संपली की मान डावीकडे करायचे. डावीकडे सुखदेव, ढोलकीवर. मग सुखदेव आणि मागचे चौघं झील धरायचे. आठ मात्रा तेच गायचे. हे तेवढ्या वेळात नुसता सूर धरून बसायचे.

फुली त्या लोकांची होती. मी ती जागा रिकामी ठेवली, आणि पाठवून दिली.

मला विचारलं होतं. मी खात्रीनं सांगितलं.

८ मार्च

झील म्हणजे ओळ परत म्हणणं नव्हतं. त्यांचं वेगळं वळण होतं, ते वहीत नाही. ह्यांना लिहायची गरज नव्हती, माणसं होती. चौघांपैकी दोघं राहिले नाहीत, एक भिलाईकडे गेला, एकाचा पत्ता नाही. राहिला सुखदेव, मोहगावला.

सुखदेवशी माझं बोलणं नाही. हे गेल्यावर महिन्याभरानं तो पेटी मागायला आला होता. पार्टीसाठी. म्हणाला, "वहिनी, पेटी तुमच्या काय कामाची? त्यात गहू भरता का?" मी म्हटलं, गहू भरीन नाहीतर चुलीत घालीन, तुमच्या हाती देणार नाही. माणूस जाऊन महिना आणि ह्याला जयंतीची घाई. असं तेव्हा वाटलं.

पार्टी मोडली. पेटीचा भाता दुसऱ्या पावसाळ्यात उंदरांनी कुरतडला. हे त्याला माहीत नाही.

१३ मार्च, रवि.

मोहगावला जायचं म्हणून निघाले. सौंसरला उतरले आणि पुष्पाकडेच जाऊन बसले.

जवाई म्हणाले, "मी जाऊन येतो न. सायकलनं जाईन, त्याले काय लागते?"

म्हटलं, बोलले मी होते, मीच जाईन.

"मग आज काहून नाही गेल्या?"

पुष्पानं त्यांच्याकडे डोळे वटारले. जवाई चहा आणायला उठले.

तिवारींची कॅसेट पुन्हा लावली नाही.

२० मार्च, रवि.

गेले.

सुखदेव अंगणात संत्र्याची रोपं पिशव्यांत भरत होता. केस पांढरे झाले. मला पाहून उठला नाही.

"आता कायले आल्या वहिनी? पेटी विकाले काढली का?"

म्हटलं, पेटीचं बोलायला नाही आले. झील विचारायला आले.

त्याची बायको आतून म्हणाली, "आधी पाणी तं देऊ द्या. तीन सालानं आली बाई."

सगळं सांगितलं. संगणक, आकडे, फुल्या, जबलपूरचे घुंगरू. ऐकता ऐकता हसायला लागला. "म्हणजे आमाले काढून टाकलं तुमी. वरून त्या जागी फोटोवाला बसवला."

म्हटलं, हो. तसंच झालं.

मग त्यानं हात धुतले, बसला, आणि मातीच्या घमेल्यावर बोटं वाजवत चारही झिली म्हणाला. आवाज बसला आहे, पण सूर पक्का. मला लिहिता येईना. ऐकून सारेगम मला कळत नाही. टेप आणली नव्हती, डोक्यातच आलं नाही.

तोंड पाहून त्याला समजलं. म्हणाला, "पुढच्या रविवारी सौंसरले येतो. पण पेटी घेऊन या. पाहू तं द्या एकदा."

भात्याचं सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

२७ मार्च, रवि.

पेटी बसच्या टपावर. कंडक्टर म्हणाला, "बाई, कीर्तन हाये का कुठं?" उतरवून घेताना पुष्पा आली होती.

सुखदेव आमच्या आधी येऊन बसला होता, धुतलेला सदरा. पेटी उघडली. भाता पाहिला. भोकातून बोट घातलं. मी उभीच होते.

बोट बाहेर काढून म्हणाला, "मले दिली असती तं माझ्या घरीही उंदीर हायेतच."

एवढंच. मग म्हणाला, "चला, तुमचा डबा लावा."

पेटी वाजत नाही, म्हणून एक एक सूर हुडकावा लागला. तो गायचा, जवाई बटण दाबायचे. "हा नाही. खालचा. अजून खालचा. हां, हा." एका झिलीला पाऊण तास. मधून मधून तो यंत्राला शिव्या द्यायचा. "ह्याले दम लागत नाही, म्हणून ह्याले गाणं समजत नाही." जवाई म्हणाले, "काका, ह्याले काहीच समजत नाही, तुमी बोला." तेव्हापासून दोघांचं जमलं.

झिली दुसऱ्या आवाजात टाकल्या. हे सूर धरायचे तसा पहिल्या आवाजात नुसता सा. ह्या वेळेला काहीच पुसलं गेलं नाही. दर ओळीला टेपवर चढवलं.

लावलं. पहिली ओळ, आणि फुलीशी दुसरा आवाज आला. सुखदेव मान हलवत होता. तिसऱ्या फुलीशी मान थांबली. मी पाहिलं. मला वाटलं, आठवण आली असेल.

त्याला बसवर सोडलं. पेटी त्याच्यासोबत दिली. मोहगावला एक जण भाते करून देतो म्हणे.

२८ मार्च

कॅसेट मोहोडांना रजिस्टरनं. सोबत लिहिलं की थांबे ही माझी चूक होती, ही बरोबर आहे. तिवारींनाही पत्र, हिंदीत, पुष्पानं कालच तपासून दिलं. तुमचं गोड होतं, पण तिथं माणसं होती, असं लिहिलं.

झोप चांगली लागली.

३१ मार्च

वाचनालयाच्या पत्त्यावर कार्ड. सुखदेवचं, अक्षर दुसऱ्या कोणाचं. जसं आहे तसं उतरवते.

"वहिनीले नमस्कार. त्या दिवशी तुमच्यासमोर बोललो नाही. शेवटच्या सालच्या जयंतीले भाऊनं तिसऱ्या फुलीवर आमाले थांबवलं होतं. आधीच सांगितलं, इथं झील धरू नका, मी ढोलकीवर हात ठेवून बसलो. एकदाच झालं तसं. पुढं भाऊ राहिले नाहीत. वहीत काय हाये ते तुमी पाहा."

तिसरी ओळ अशी: "मागं वळून पाहू नको, मी दारातच उभी".

वही काढली. तिसरी फुली आहे. बाकी तिघींसारखीच. खोडलेली नाही, शेजारी काही लिहिलेलं नाही. भिंगातून पाहिली.

त्या जयंतीला मी नव्हते. पुष्पाचं बाळंतपण होतं, सौंसरला होते. परत आल्यावर विचारलं, कसं झालं? म्हणाले, झालं, ह्या वेळेला बरं झालं. मी म्हटलं, दर वेळेला बरंच होतं. आणि भाकरी वाढली.

काय बदललं, ते विचारलं नाही.

१ एप्रिल

माझ्या पहिल्या, चुकलेल्या कॅसेटमध्ये ती एक जागा बरोबर होती, असं होईल. मी बरोबर केलं आणि तिथंच बिघडवलं, असंही होईल. किंवा सुखदेवला नीट आठवत नसेल. त्याच्या हातून एक वर्ष इकडंतिकडं होऊ शकतं. पण ढोलकीवर हात ठेवून बसलो, हे कोणी उगाच लिहीत नाही.

हे एकदाच करून पाहत होते, की पुढं तसंच ठेवणार होते? वही बदलायला वेळ मिळाला नाही, की बदलायचीच नव्हती?

मोहोड परवा रविवारी कॅसेट भरणार. मग ती सगळीकडं जाईल, आणि जी जाईल ती ह्यांची.

जवाईंना पोष्टातून फोन लावला. उद्या सुटी घेऊन येते म्हटलं. त्यांच्या दुकानातले एक जण रविवारी पहाटेच्या बसनं नागपूरला जाणार आहेत, हातानं पोचवतील.

२ एप्रिल, शनिवार

सौंसर. दुपारीच बसलो.

कॅसेटच्या एका बाजूला चारही झिली ठेवल्या. दुसऱ्या बाजूला तिसरी काढली. दुसऱ्या आवाजाचे आकडे काढले, पहिल्यातला सा राहिला. मग वाटलं, हे सूर धरून बसले असतील की तोही सोडला असेल? सुखदेवनं लिहिलेलं नाही. मोहगावला जायला वेळ नाही.

जवाई म्हणाले, "वहीत हाये तेच धरा आई. लिहिलेलं हाये न."

पुष्पा म्हणाली, "शेवटचं जे केलं ते धरायचं. बाबा असते तं पुढच्या साली तसंच गायले असते."

म्हटलं, तुला काय माहीत?

"नाही माहीत," ती म्हणाली.

दोघं बरोबर बोलत होते आणि मला दोघांचाही राग येत होता. चहा घेतला. मोहोडांना लिहायच्या चिठ्ठीचा कागद पुष्पानं समोर ठेवला. त्यांना दोन्ही बाजू पाठवता येतील, पण ते एकच घेणार, कोणती ते आपण लिहायचं.

पुन्हा लावलं, दुसरी बाजू. तिसरी ओळ संपली, सा सुरू राहिला. मी आठ मोजले. सहाव्याला मला स्वयंपाकघरात भांडं पडल्याचं ऐकू आलं, सातव्याला रस्त्यावरची सायकल. इतकं कधी ऐकू आलं नव्हतं त्या गाण्यात. मग चौथी ओळ.

मग पहिली बाजू. सुखदेवचं वळण आलं, ते घमेल्यावर बोटं वाजवत म्हटलेलं. तेही ह्यांच्याच गाण्यातलं.

"कोणची लिहू?" पुष्पानं विचारलं. पेन उघडून बसली होती.

म्हटलं, अजून एकदा लाव. दुसरी बाजू. आणि ह्या वेळेला तो सा पण काढून पाहू.

जवाई आकडे काढून राहिले आहेत. मी हे लिहीत बसले आहे.